गाण्यात मेलेला बाप

“माझे वडील गेले,” प्रबुद्धनं फोनवर इंग्रजीत सांगितलं, आणि पलीकडून गॅव्हिन म्हणाला, “आय नो, मेट. आय नो.” मग जरा थांबून, आजाऱ्याशी बोलतात तशा मऊ आवाजात, “आज अ‍ॅनिव्हर्सरी आहे का?”

नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलबाहेरच्या ट्राम स्टॉपवर तो उभा होता. हातात वॉर्डातून दिलेली प्लास्टिकची पिशवी. पिशवीत बाबांच्या सपाता, चष्मा, कवळी आणि अर्धं खाऊन तोंड दुमडून ठेवलेलं शॉर्टब्रेडचं पाकीट. बाबा त्याच सकाळी गेले होते. वर त्यांचा पलंग अजून पुसायचा होता. ट्राम आली, दारं उघडली, माणसं उतरली, चढली, दारं मिटली. प्रबुद्धच्या तोंडून एवढंच आलं, “यॅ.” म्हणजे हो. अ‍ॅनिव्हर्सरी आहे. गॅव्हिन त्याचा मॅनेजर, नवा, दीडेक वर्षांपूर्वी आलेला; त्याचा काही दोष नाही. सगळ्या देशाला ठाऊक होतं तेच त्यालाही ठाऊक होतं, की ह्या गायकाचा बाप कधीच मेलेला आहे. “काळजी घे रे,” तो म्हणाला, “एडिनबराच्या शोचं उद्या बोलू.” फोन बंद झाला. प्रबुद्धला वाटलं, परत लावावा, ओरडून सांगावं, की अरे गाढवा, आज, आत्ता, ह्या काचेच्या इमारतीत. पण बाप आज मेला हे सांगायचं, तर कालपर्यंत तो जिवंत होता हे आधी सांगायला हवं. आणि ते सांगायची वेळ इतकी मागे राहिली होती की तिच्याकडे वळून बघायलाही मान दुखली असती. पुढची ट्राम आली. तो चढला. पिशवी मांडीवर घेतली. सपातांतून बाबांच्या पायांचा वास येत होता, तेल आणि टाल्कम पावडरचा, आणि त्या वासाला मात्र कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

गाण्याचं नाव ‘लोअर फील्ड’. प्रबुद्धचं सगळं आयुष्य ह्या एका गाण्यानं चालवलं. बाकी त्यानं पुष्कळ लिहिलं, चांगलंही लिहिलं, पण लोक तिकीट काढतात ते ह्याच्यासाठी. अमेरिकाना म्हणतात ह्या प्रकाराला: गिटार, कधी फिडल, कधी मांडीवर आडवी ठेवून वाजवायची लॅप स्टील, आणि दुसऱ्याच्या देशातली धूळ. गाण्यातला बाप उंच, अबोल, उन्हानं रापलेला शेतकरी. नदीकाठच्या खालच्या शेतात नांगर थांबवतो, नदीकडे तोंड करतो आणि पडतो. मुलगा धावत येतो, तोवर उशीर झालेला. टेकडीवर सायकमोरच्या झाडाखाली बापाला पुरतात, आणि शेवटच्या कडव्यात तो पलीकडच्या काठावरून हात करतो. झालं. हे लिहिलं तेव्हा प्रबुद्ध तिशीतला होता आणि त्याचा खरा बाप ठणठणीत होता. सुभाष त्याचं नाव. बुटका. खडकीत वाढलेला. ज्याच्या घराण्यात वावर कुणाच्याच नावावर नव्हतं, दुसऱ्याच्या वावरात राबणं तेवढं होतं, आणि तेही त्याच्या बापानं दारूगोळ्याच्या फॅक्टरीत लागून मागे टाकलेलं. सुभाष हॉस्पिटलात डायलिसिसची मशिनं दुरुस्त करायचा. पोहता येत नव्हतं. अबोल तर तो झोपेतही नव्हता. झोपेत भांडायचा, बहुतेक कुठल्यातरी कमिटीशी.

गाणं पहिल्यांदा ऐकवलं ते स्वयंपाकघरात. आई भाकरी थापत होती, तिचे हात थांबले. बाबा टेबलाशी बसून ऐकत होते, चष्मा कपाळावर. संपल्यावर म्हणाले, “मेलो ते ठीक आहे. पण मला पुरलंस का रे? आपल्यात जाळतात.”

“यमक बसत नव्हतं, बाबा.”

“यमकासाठी बापाला मातीत घातलंस. बरं. आणि वर हे काय, पलीकडचा काठ? हात कुणाला करतोय मी? बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस मी, मला स्वर्गात पाठवतोस होय? मेलेला माणूस मेला. संपला. काठबीठ काही नाही.”

“ती एक पद्धत असते, बाबा. ह्या गाण्यात तसंच असतं.”

“मग असू दे,” बाबा म्हणाले आणि खो खो हसले. “त्यांच्या पद्धतीनं मेलो म्हण.” त्यानंतर कुठेही कार्यक्रम झाला की त्यांचा फोन ठरलेला, “काय लेका, आज किती वाजता मेलो? रडले का लोक?” आई शेजारून ओरडायची, “अभद्र बोलू नका.” बाबांना मजा वाटायची. मेल्याची मजा जिवंत माणसालाच घेता येते, हे त्यांनी सोळा-सतरा वर्षं पुरेपूर करून दाखवलं.

पद्धत असते, हे खरंच होतं. ह्या धंद्यात बाप मारावा लागतो. बाप, नाहीतर घोडा, नाहीतर पहिली बायको. गोरे गायक स्टेजवर उभे राहून प्रेयसीला नदीत बुडवतात, शेजाऱ्याला गोळी घालतात, तुरुंगातून फासावर जातात, आणि गाणं संपलं की बिअर पिऊन मुलाबाळांत घरी जातात. त्यांना कुणी विचारत नाही, कुठल्या तुरुंगात होतास बाबा? गोऱ्यानं खुनाचं गाणं म्हटलं तर ती कला. काळ्या-सावळ्यानं बापाचं गाणं म्हटलं की ती हकीकत. त्याला कल्पना करायची परवानगी नाही. त्यानं फक्त जबानी द्यायची. रेडिओवरच्या पहिल्याच मुलाखतीत त्या बाईनं डोळ्यांत पाणी आणून विचारलं, “त्यांना गमावल्यावर हे रोज गाणं कठीण जात असेल ना?” समोर लाल दिवा लागलेला. नाही हो, बाबा घरी आहेत, टीव्हीवर क्रिकेट बघत शिव्या देतायत, असं म्हणायला तोंड उघडलं, आणि आलं, “यस.” एक शब्द. त्या शब्दाला मग रेकॉर्ड, टूर, पोस्टर, घराचा हप्ता, सगळं लटकत गेलं. आपली माणसं तरी काय वेगळी? बेसिंगस्टोकच्या महाराष्ट्र मंडळाचा शशिकांत, मोठा आयटीवाला, एकदा कार्यक्रमानंतर भेटला, हात हातात धरून म्हणाला, “वा, वा, फार छान. आडनाव काय म्हणालात?” आडनाव ऐकल्यावर हात हळूच सोडला आणि म्हणाला, “वडील गेल्याचं ऐकलं, सो सॅड. शेती कुठे होती तुमची?” त्या एका वाक्यात शेती होती ह्याचं जे आश्चर्य होतं, ते प्रबुद्धला नीट ऐकू आलं होतं. तरी त्यालाही तो खोटंच बोलला. मुळशीकडे, म्हणाला. आठवडाभर स्वतःचीच थुंकी गिळवत नव्हती.

आणि ही टोपी, हे बूट, हे सगळं त्याला दाखवलं कुणी, तर बाबांनीच. प्रबुद्ध लहान असताना नॉटिंगहॅमच्या उत्तरेला कोळशाच्या खाणी शिल्लक होत्या. खाणकामगारांचे क्लब असायचे आणि शनिवारी तिथे कंट्री अँड वेस्टर्नची रात्र. एका क्लबचा अ‍ॅम्प्लिफायर बाबांनी दुरुस्त करून दिला, तेव्हापासून त्यांना आत यायची मुभा. बाप-लेक कोपऱ्यातल्या टेबलाशी, सगळ्या हॉलमध्ये सावळे तेवढे दोघेच, समोर लेमोनेड. आणि आठवडाभर जमिनीखाली खोकणारी ती माणसं कमरेला खोटी पिस्तुलं, गळ्यात रुमाल, डोक्यावर रुंद टोप्या घालून येत होती. एकमेकांना शेरीफ म्हणत होती. स्टीलची सळई तारांवरून घसरली आणि एक लांब, ओला आवाज निघाला, तो प्रबुद्धच्या पोटात जाऊन बसला तो आजतागायत तिथेच आहे. बाबा कानाशी वाकून म्हणाले होते, “बघ रे, खाणीतली माणसं. टोपी घातली की काऊबॉय. कुणी अडवलं त्यांना? माणसाला पाहिजे ते होता आलं पाहिजे. तुझ्या पणज्याला हे कुणी करू दिलं नसतं.” बाबांचं सगळं तत्त्वज्ञान हे एवढंच. पाहिजे ते होता आलं पाहिजे. मग पुढे त्यांना व्हावं लागलं ते काय, तर काका.

तेही प्रबुद्धनं केलं नाही. त्यानं फक्त होऊ दिलं. लीड्सला कार्यक्रम होता, बाबा आले होते, नेहमीसारखे पहिल्या रांगेत. नंतर रेकॉर्ड विकायच्या टेबलाशी गर्दी झाली, एक म्हातारी बाई प्रबुद्धचा हात धरून आपल्या नवऱ्याबद्दल सांगत रडायला लागली, आणि मान वर करून तिनं शेजारी उभ्या, त्याच्याच नाकाच्या, त्याच्याच कपाळाच्या माणसाकडे पाहिलं. “अँड यू आर...?” प्रबुद्धला आठवतं, त्याच्या तोंडातली जीभ त्या वेळी कुठे होती. वरच्या दातांमागे. ‘एफ’साठी खालच्या ओठाला दात टेकवावे लागतात, फादर म्हणायला. तेवढं अंतर उरलं होतं. त्याआधी बाबाच पुढे झाले. हात पुढे करून, छान हसून म्हणाले, “अंकल. अंकल सुभाष.” गाडीत बसल्यावर प्रबुद्ध म्हणाला, “बाबा, तुम्ही असं का...” बाबा म्हणाले, “ती बाई रडत होती रे. तिचं रडणं कशाला खोटं करायचं?” आणि शॉर्टब्रेडचं पाकीट फोडलं. त्यानंतर ते ज्या ज्या शोला आले, अंकल म्हणूनच आले. टेबलामागे खुर्ची टाकून बसायचे. टी-शर्टांच्या घड्या घालायचे. लोकांशी गप्पा, वाद, राजकारण. अंकल सुभाष लोकांना आवडायला लागले. प्रबुद्ध स्टेजवर बापाला मारायचा, आणि बाप मागे बसून सुट्टे पैसे द्यायचा.

हे आईला कळलं तेव्हा तिनं हातातलं ताट तसंच ठेवलं. “माझा नवरा तुझा काका,” ती म्हणाली, “मग मी तुझी कोण रे? काकू?” बाबा हसले. आई हसली नाही. द्रौपदी नाव तिचं, आणि एवढ्या वर्षांत ती एकाही कार्यक्रमाला आली नाही.

शेवटच्या आठवड्यात बाबा त्याच हॉस्पिटलात होते जिथे त्यांची सगळी नोकरी झाली. हृदय थकलं होतं. आवाज मात्र नव्हता थकला. शेजारचा पंप पीं पीं करायला लागला की नर्सला सांगायचे, “लव्ह, त्याचं डोअर नीट लागत नाही, दाबून लाव.” एका दुपारी त्यांनी प्रबुद्धला जवळ बोलावलं. ऑक्सिजनच्या नळीचा वळ गालावर उठला होता. म्हणाले, “आता खरंच मरतोय बरं का. नीट बघून ठेव. मागच्या वेळी सगळे डिटेल चुकवलेस.” तो बघायला लागला. कस्टर्डची वाटी. खिडकीतून दिसणारी कारपार्कचा तिसरा मजला. बाबांच्या हाताची पिवळी पडलेली नखं, त्यांत वर्षानुवर्षांचं ग्रीस, जे रिटायर झाल्यावरही निघालं नाही. तो बघत होता आणि आत कुठेतरी, नको नको म्हणत असताना, ग्रीसशी काय जुळेल ते कुणीतरी शोधत होतं. पीस. सीझ. रिलीज. त्यानं स्वतःच्या मांडीला चिमटा काढला. चिमट्यानं हे थांबत नाही. रडू यावं म्हणून त्यानं वाट पाहिली. पण ह्या माणसासाठी सतरा वर्षं रोज रात्री रडू काढून काढून आता तळाला भांडं खरवडल्याचा आवाज येत होता फक्त.

अंत्यविधी झाला. जाळलं, पुरलं नाही. मग कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम. बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या, त्यांच्यापुढे बाबांचा फोटो. त्रिशरण-पंचशील झालं. बाबांचे जुने मित्र प्रमोदकाका उभे राहिले. “सुभाष म्हणजे भांडणाचं मशीन,” ते म्हणाले. “जगातली सगळी मशिनं त्याला बंद करता यायची, हे एक सोडून.” हॉल हसला, डोळे पुसत हसला. प्रत्येकाकडे एकेक सुभाष होता. कुणाचा फ्रिज दुरुस्त केलेला, कुणाच्या लग्नात हट्टानं हुंडा परत करायला लावलेला, कुणाशी अबोला धरून बर्फात गाडी ढकलायला आलेला. मग प्रबुद्धच्या हातात माइक आला. माइक धरायची त्याला जन्माची सवय. त्याचं मराठी इथे जन्मलेल्या पोरांचं, अडखळतं, तरी बाबांसाठी मराठीतच बोलायचं असं त्यानं ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि आलं, “माझे बाबा... फार शांत माणूस होते.” ही त्या गाण्याची पहिली ओळ होती. भाषांतर होऊन आली होती, बस.

मग मागून प्रमोदकाका, “कोण? आपला सुभाष? शांत?” आणि हॉल पुन्हा फुटला. हसता हसता लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, पोरगा बापासारखाच मिश्किल निघाला. प्रबुद्धही हसला. दुसरं काही उरलंच नव्हतं त्याच्याकडे. तो माइक देऊन खाली बसला.

भांडी आवरताना आई जवळ आली. “इथे कशाला बोलायला गेलास? इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे ते कोण होते. जिथे ह्यांना काका केलंस ना, तिथे जाऊन बोल. एकदा. सगळ्यांसमोर नाव घे आणि म्हण, हा माझा बाप.”

“आई, ते इतकं सिंपल नाहीये.”

“मी कुठे म्हटलं सोपं आहे? जन्मल्यावर तुझं नाव ठेवायला ह्यांनी महिना लावला होता. त्यांचं नाव घ्यायला तुला एक मिनिट लागेल.” तिनं चमचे फडक्यात गुंडाळले. “सांगितलंस की फोन कर. तोवर मी झोपायची नाही.”

एडिनबराच्या ट्रेनमध्ये त्यानं ते वाक्य पाठ केलं. माय फादर सुभाष डाइड लास्ट वीक. खिडकीबाहेर समुद्र लागला, मेंढ्या, पुन्हा समुद्र. ओठ हलत होते. समोरच्या बाईनं जागा बदलली. थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं की वाक्य तीन-तीनच्या ठेक्यात बसतंय, पाय आपोआप ताल धरतोय, आणि त्यानं पाय दुसऱ्या पायाखाली दाबून ठेवला. नंतर काय होईल ह्याचाही विचार केला. पेपरात येईल. खोटारडा म्हणतील. म्हणोत. उलट त्या विचारानं छातीत थोडी हवा आली. शिव्या पडल्या तर त्या तरी खऱ्या बापाच्या नावानं पडतील.

कार्यक्रम एका जुन्या चर्चमध्ये होता. रेकॉर्डचं टेबल मोरॅग सांभाळायची. स्कॉटलंडमधल्या प्रत्येक शोला ती यायची, रिटायर झालेली शाळामास्तरीण, हौसेनं. तिनं खोकी उघडली आणि इकडे तिकडे बघून विचारलं, “सुभाष कुठेय? शॉर्टब्रेड आणलंय मी त्याच्यासाठी.” नाव तिनं नीट उच्चारलं. बाबांनीच शिकवलं असणार, घोटून घोटून. प्रबुद्धनं ठरवलं, हिच्यापासूनच सुरुवात करू.

“तो गेला, मोरॅग. मागच्या आठवड्यात.”

तिचा चेहरा बघता बघता म्हातारा झाला. खोक्यावरच बसली. “नॉट सुभाष,” म्हणाली. “ओ नो. नॉट सुभाष.” आणि ती रडली. खरं, वेडंवाकडं, नाक पुसत रडली. बाबांसाठी असं रडताना प्रबुद्धनं अजून कुणाला पाहिलं नव्हतं, स्वतःला तर नव्हतंच. तिचं हिअरिंग एड त्यांनी चष्म्याच्या स्क्रू-ड्रायव्हरनं कसं उघडलं, राणीवरून तिच्याशी कसे भांडले, सगळं ती सांगत होती. बुटका, आवाजी, खरा माणूस त्या चर्चमध्ये येऊन उभा राहिला. प्रबुद्ध तिच्यासमोर उकिडवा बसला. आत्ता, त्याला वाटलं, आत्ताच. “मोरॅग, ऐक. सुभाष माझा...”

“ठाऊक आहे मला,” तिनं त्याचा हात घट्ट धरला. “तुझ्या डॅडचं तुझ्याकडे उरलेलं असं तो एकटाच होता. मला सांगायचा ना तो. धाकट्या भावाबद्दल. उंच होता, शांत होता, मी बोलायचो आणि तो ऐकायचा. ग्लासगोला एकदा, तू स्टेजवर ते गाणं म्हणत होतास, आणि इथे, माझ्या शेजारी, सुभाष भावासाठी रडला. मला म्हणाला, मोरॅग, त्यानं जायला नको होतं, मोठा मी होतो. ते डोळे मी कधी विसरणार नाही. माझ्या नवऱ्याचं मी पहिल्यांदा त्याच्याजवळ बोलले, त्या रात्री.”

प्रबुद्ध उभा राहिला. फादर म्हणायला दात ओठावर टेकले होते, तसेच राहिले. आता खरं सांगितलं तर खोटं कोण ठरणार होतं? तो नव्हे. तो तर गायक. खोटे ठरले असते बाबा. ह्या बाईच्या शेजारी बसून, नसलेल्या भावासाठी डोळ्यांत पाणी आणणारा, पोराच्या एका शब्दाला आपल्या अंगाचं आवरण घालणारा म्हातारा. बाबांनी दार आतून लावून घेतलं होतं. नीट, दाबून, दुरुस्तीच्या माणसानं लावावं तसं. बाहेरून कितीही धडका मारल्या तरी तुटणार होतं ते त्यांचंच काहीतरी.

स्टेजवर गेला तेव्हा दिवे डोळ्यांवर आले. त्यानं गिटारची तार उगीच लावली, पुन्हा लावली. मग माइकजवळ तोंड नेलं. “लास्ट वीक,” म्हणाला, आणि जीभ जिथे जायची तिथे गेली, “माय अंकल सुभाष डाइड.” चर्चभर एक ‘ओह’ पसरला. खूप जण ओळखत होते त्यांना. मागून एक माणूस उभा राहिला, टोपी काढली, मग दुसरा, मग ओळीच्या ओळी, बाकांचा करकर आवाज करत सगळे उभे राहिले. कुणी सांगितलं नव्हतं. एवढी माणसं सुभाषसाठी उभी होती, नाव बरोबर घेऊन, गप्प, माना खाली. ह्यापेक्षा जास्त कुठल्याही मुलाला काय मिळवून देता येतं बापाला? आणि त्यात बापच नव्हता. मग कुणीतरी हळू आवाजात ‘लोअर फील्ड’ सुरू केलं, त्यानं नव्हे, लोकांनी, आणि बोटं आपसूक तारांवर पडली. त्यांनी त्याच्यासाठी नांगर थांबवला, टेकडी चढली, सायकमोरखाली खड्डा केला. त्यानं फक्त साथ दिली. डोळे कोरडे.

कार्यक्रम सुटल्यावर दाराशी रांग लागली. प्रत्येक जण हात धरत होता. खिशात फोन थरथरत होता, थांबत होता, पुन्हा थरथरत होता; आई असणार. एक उंच म्हातारा पुढे आला, दोन्ही हातांनी त्याचा हात दाबून म्हणाला, “अंकलबद्दल फार वाईट वाटलं, सन. जवळचे होते का खूप?”

“हो,” प्रबुद्ध म्हणाला. “मला अगदी वडिलांसारखे होते.”